परमुलखात मांडलेली लढाई

१८८१-८२च्या हिवाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटिश लेखक हवापालटासाठी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला राहत होता. छाती कमजोर, खोकला पाठ सोडत नव्हता. 'ट्रेझर आयलंड'ची शेवटची प्रकरणं त्याने तिथेच हातावेगळी केली, हे पुष्कळांना माहीत असतं. उरलेल्या वेळात तो काय करायचा, हे मात्र त्याचा सावत्र मुलगा लॉइड ऑसबर्न याने १८९८ साली एका मासिकात लेख लिहून सांगितलं. दोघं घराच्या माळ्यावर कडाक्याच्या थंडीत पालथे पडून शिशाच्या शेकडो सैनिकांची लढाई खेळायचे. माळ्याच्या फळ्यांवर नकाशा काढलेला असे: डोंगर, नद्या, पूल, दलदल, चांगले रस्ते, वाईट रस्ते. रोज किती कूच करायचं याला मर्यादा होती, दारूगोळ्याचा हिशोब होता. वर स्टीव्हन्सन या लढाईच्या खोट्या बातम्याही लिहायचा, वार्ताहर आणि संपादक यांच्या भांडणांसकट.

रुग्णांनी भरलेल्या त्या परक्या गावातला तो माळा म्हणजे परदेशी खेळल्या गेलेल्या 'वॉरगेम'चा बहुधा सर्वांत देखणा जुना दाखला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी, लग्नामुळे देश बदलणाऱ्यांत हा छंद असलेले लोक सर्वत्र भेटतात. त्यांच्यापुढचे प्रश्न साधारण तेच असतात. सैन्य सोबत न्यायचं का? नव्या शहरात खेळायला माणसं कुठे शोधायची? आणि एवढा खटाटोप करून हाती काय लागतं? माझं मत आधीच सांगून टाकतो. छंद सोबत न्यावा, सैन्य नेऊ नये. ते का, हे पुढे पाहू.

हा खेळ कधी न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल. त्यावर हिरवं-तपकिरी मॅट, थर्मोकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याची किंवा प्लायची घरं, कापसाचा धूर. दोन्ही बाजूंना हाताने रंगवलेले इवलेसे सैनिक. सर्वांत प्रचलित आकार २८ मिलिमीटर. पण १५, १० आणि अगदी ६ मिलिमीटरचेही मिळतात. चाल टेपने मोजायची, गोळीबाराचा निकाल फाशांनी लावायचा, मनोबल ढासळलं की पलटण मागे फिरते. बहुतेक नियम ब्रिटनमध्ये लिहिलेले, म्हणून अंतरं इंचांत. दशमान पद्धतीत वाढलेले जर्मन खेळाडूही या टेबलाशी आले की इंचाचाच टेप काढतात. मराठी माणसाला यातली निम्मी गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. दिवाळीच्या किल्ल्यावर आपणही मावळे, तोफा, पहारेकरी मांडतो, हळिवाचं रान रुजवतो, सिंहासनावर महाराजांना बसवतो. फक्त आपल्या मावळ्यांना चाल नसते. ते चार-पाच दिवस पहारा करून खोक्यात परत जातात.

चाल देण्याची कल्पना लष्करातून आली. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली लेफ्टनंट फॉन राइसवित्झ याने वडिलांच्या खेळात सुधारणा करून 'क्रीगश्पील' बसवला आणि सैन्याच्या जनरल स्टाफने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलून धरला. त्याला दिवाणखान्यात आणलं इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने. १९१३च्या 'लिटल वॉर्स'मध्ये लाकडी गोळा उडवणाऱ्या स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेभोवती त्याने नियम रचले. जमिनीवरून टेबलावर आणि मुलांकडून मोठ्यांकडे हा छंद नीट रुजला तो १९६२मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं 'वॉर गेम्स' हे पुस्तक आल्यावर. मग १९७५ साली लंडनमध्ये 'गेम्स वर्कशॉप' निघाली, १९८३मध्ये 'वॉरहॅमर' आणि १९८७मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' बाजारात आले. आज ही कंपनी नॉटिंगहॅमला आहे आणि डिसेंबर २०२४मध्ये ती लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. तिथून फुटून निघालेल्या माणसांनी आसपास इतके कारखाने काढले की त्या भागाला खेळाडू 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. हे भूगोलाचं वास्तव लक्षात ठेवा, सीमाशुल्काकडे आलो की उपयोगी पडेल.

आता माणसं कुठे सापडतात? ब्रिटनमध्ये हे सर्वांत सोपं. चर्चचा हॉल, स्काउटांची खोली, पबचा वरचा मजला. आठवड्यातली ठरलेली संध्याकाळ, सातच्या सुमारास दार उघडतं, दहा-साडेदहाला खुर्च्या उचलून ठेवायच्या. टेबलाचे दोन-चार पौंड, नवख्याला पहिली वेळ बहुधा फुकट. जर्मनीत क्लब म्हणजे रीतसर नोंदणी केलेली संस्था. नोंदणीला किमान सात सभासद लागतात. मग घटना, अध्यक्ष, खजिनदार, वार्षिक सभा, इतिवृत्त. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत वाढलेल्या मराठी माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही. एकदा सभासद झालात की हॉलची किल्ली आणि कपाटातला कोपराही मिळू शकतो. अमेरिकेत अंतरं मोठी, म्हणून खेळाचं दुकान हाच क्लब. मागच्या बाजूला टेबलं मांडलेली, भाडं नाही, पण काहीतरी विकत घ्यावं अशी मूक अपेक्षा असते. ऐतिहासिक लढायांचे शौकीन वर्षभराची तहान पेनसिल्व्हेनियातल्या 'हिस्टॉरिकॉन'सारख्या मेळाव्यात भागवतात.

हाँगकाँग, सिंगापूर, टोकियो इथे अडचण जागेची. ज्या घरात जेवणाचं टेबल भिंतीत दुमडून ठेवावं लागतं तिथे सहा फुटांचं रणांगण कुठे मांडणार? त्यामुळे खेळ दुकानांत किंवा भाड्याच्या खोलीत. शिवाय अशा शहरांतले इंग्रजीत चालणारे गट बरेचसे नोकरीनिमित्त आलेल्यांचे. दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम आला की तुमचा नेपोलियन झुरिकला आणि त्याचा प्रतिस्पर्धी ब्ल्यूखर मेलबर्नला निघून जातो. या गटांची एक रीत मात्र छान असते. जाणारा माणूस आपलं सैन्य स्वस्तात मागच्याला देऊन जातो, आणि पाच मालकांचे पाच रंग अंगावर चढलेली एखादी पलटण क्लबात पिढीजात फिरत राहते.

जगभर पाचशेहून जास्त असलेली 'वॉरहॅमर'ची दुकानं हा आणखी एक दरवाजा. बहुतेक दुकानांत एकच कर्मचारी. तोच विकतो, तोच शिकवतो, तोच रंगाचा ब्रश हातात देतो. ओळखी होतात. मात्र तिथे त्याच कंपनीच्या बाहुल्या चालतात, आणि दुकान शेवटी दुकान असतं. गाव कळण्यासाठी क्लबच बरा.

या खेळाची परक्या माणसाला खरी देणगी कोणती, तर बोलण्याआधी काम मिळतं. नव्या देशात ओळखी होत नाहीत याचं एक कारण असं की गप्पा मारण्यासाठी भाषा आणि हवामानापलीकडचा विषय, दोन्ही लागतात. इथे दोन्हींची सोय टेबल करून ठेवतं.

'बोल्ट ॲक्शन' हा दुसऱ्या महायुद्धाचा खेळ घ्या. २०१२ साली आला आणि आज युरोपभर चालतो. प्रत्येक तुकडीमागे एक फासा, तुमचे एका रंगाचे, समोरच्याचे दुसऱ्या. सगळे एका पिशवीत. न बघता हात घालून एक काढायचा. ज्याचा रंग, त्याची पाळी. फाशाच्या सहा बाजूंवर सहा हुकूम छापलेले: गोळीबार, पुढे सरकून गोळीबार, धावा, दबा धरा, सावरा, आडवे पडा. हुकुमाची बाजू वर करून फासा तुकडीशेजारी ठेवला की काम झालं. तुकडीवर गोळ्यांचा मारा झालेला असेल तर आधी दोन फासे टाकायचे. बेरीज मनोबलाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली तरच ती हुकूम पाळते, आणि माऱ्याच्या प्रत्येक खुणेमागे तो आकडा एकाने घटतो. समजा, लाइपझिगमध्ये तुम्ही खेळताय. तुमचं जर्मन तोडकं, समोरच्याचं इंग्रजी शाळेतलं. पिशवीतून सलग चौथा फासा त्याच्याच रंगाचा निघतो. तुम्ही कपाळावर हात मारता, तो हसतो, शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघतो. हुकुमांचे शब्द फाशावर इंग्रजीत आहेत, अंतर टेपवर आहे, निकाल टेबलावर पडलेला आहे. तीन तासांत व्याकरणाची चूक करायला फारसा वावच राहत नाही. आणि खेळ संपल्यावर घरं-झाडं खोक्यांत भरताना खऱ्या गप्पा सुरू होतात. भाड्याचं घर कुठे शोधावं, दाताचा डॉक्टर कोण चांगला, ही माहिती त्या आवराआवरीत मिळते. सात वाजता येऊन नऊला आपली खोकी उचलून पळणारा परदेशी माणूस या छंदातून जे मिळवण्यासारखं आहे तेच घालवतो.

शिष्टाचार सगळीकडे जवळपास सारखे आहेत, पण ठरवून घ्यावेत. तिरपा पडलेला फासा पुन्हा टाकायचा की नाही? टेबलाखाली गेलेला धरायचा का? दुसऱ्याच्या बाहुलीला न विचारता हात लावायचा नाही, हे तर कुठेही. मोठा फरक देशांपेक्षा गटांमध्ये असतो. काहींना स्पर्धा हवी असते: दोन्ही बाजू समान गुणांच्या, याद्या आधी तपासलेल्या, घड्याळ लावलेलं. काहींना गोष्ट हवी असते: एक बाजू दुबळी, पूल संध्याकाळपर्यंत राखायचा, बस्स. ब्रिटनमधले जुने ऐतिहासिक क्लब बहुधा दुसऱ्या पंथाचे. पहिल्या पंथाचा माणूस तिथे गेला तर दोन्हीकडचे लोक संध्याकाळभर एकमेकांना मनातून शिव्या देतात. जाण्याआधी विचारून घ्यावं.

आता सैन्य न नेण्याबद्दल. पहिलं कारण वजन. शंभर-दीडशे धातूचे सैनिक, त्यांचे फोम भरलेले खोके, वर घोडदळ. विमानात नेता येणाऱ्या तेवीस किलोंतला चांगला वाटा तिथेच खर्ची पडतो. रंगाचे स्प्रे विमानात चालत नाहीत. कोरीव सुरी आणि कटर हातातल्या बॅगेत चालत नाहीत. भाले, संगिनी, झेंड्यांच्या काठ्या यांचं प्रवासात काय होतं ते ज्याचं त्याला कळतं. पायाखाली लोहचुंबक लावून पत्र्याच्या डब्यात उभे केलेले सैनिक त्यातल्या त्यात सुखरूप पोचतात.

दुसरं कारण पैशाचं, आणि ते अलीकडे वाढलं आहे. युरोपात राहणाऱ्या खेळाडूला नॉटिंगहॅमहून पार्सल मागवणं २०२० संपेपर्यंत शेजारच्या गल्लीतून मागवण्याइतकं सोपं होतं. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या जकातीच्या कुंपणाबाहेर गेला. त्याच वर्षी १ जुलैपासून संघाने २२ युरोंपर्यंतच्या परदेशी पार्सलांना असलेली व्हॅटची सूटही काढून टाकली. म्हणजे दहा युरोंच्या घोडेस्वारांवरही कर, शिवाय काही कुरिअर कंपन्यांची हाताळणी फी. छोट्या कारागिरांनी तर काही देशांत माल पाठवणंच थांबवलं. अमेरिकेने ऑगस्ट २०२५च्या अखेरीस ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी बंद केली, तेव्हा तिकडच्या खेळाडूंनाही हाच अनुभव आला. भारतात परतणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७० टक्के. 'मागाहून मागवू' हा बेत महागात पडणारा आहे. परदेशात असताना जे जमवायचं ते विचारपूर्वक आणि थोडं जमवावं.

थोडं म्हणजे किती, याला खेळातच उत्तरं आहेत. फिल बार्कर आणि मंडळींचा १९९०चा 'डीबीए' हा माझ्या मते फिरत्या माणसासाठी आजवरचा सर्वांत शहाणा खेळ. प्रत्येकी फक्त बारा तुकड्या. १५ मिलिमीटरच्या सैनिकांना दोन फूट चौरसाचा पाट पुरतो, तासाभरात निकाल. अख्खं रोमन सैन्य पेढ्यांच्या खोक्यात मावतं. दोन खोकी नेली की समोरच्याकडे काही नसलं तरी चालतं. 'फ्रॉस्टग्रेव्ह'सारख्या चकमकीच्या खेळात जादूगार धरून दहाएक बाहुल्या पुरतात. ६ मिलिमीटरची पलटण तर बोटाच्या पेरावर उभी राहते, आणि तीन फुटांवरून पाहिली तर मोठ्या सैन्यापेक्षा जास्त सैन्यासारखी दिसते. घरी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर ठेवणारे तर सैन्याऐवजी फाइलच नेतात. त्यांच्या मूर्तींना जुने खेळाडू नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. मात्र रेझिनचा वास भाड्याच्या एका खोलीत झेपणारा नाही आणि ओलं रेझिन कातडीला लागलेलं बरं नाही, एवढं खरं.

कुणीच न भेटलं तर? तोही रस्ता जुना आहे. फेदरस्टोनने १९७३ साली एकट्याने खेळण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या काळातला टोनी बाथ हायबोरिया नावाच्या काल्पनिक जगात मित्रांना राजे आणि सेनापती नेमून टपालाने मोहिमा चालवायचा. पत्रं जमली की लढाई मांडायची. २०२०च्या टाळेबंदीत लोकांनी टेबलावर कॅमेरे रोखून तेच केलं. दूरच्या जुन्या मित्राशी संबंध टिकवायला हे उत्तम. नव्या गावात माणसं मिळवायला त्याचा काही उपयोग नाही, उलट ते आड येतं. पुण्यातल्या गटाशी दर शनिवारी पडद्यावर खेळणारा माणूस स्टुटगार्टमधल्या क्लबात शनिवारी जाणार नाही, हे उघड आहे.

टेबलावर कुणाचा इतिहास मांडला जातो, हा प्रश्न परदेशी खेळाडूला केव्हातरी गाठतोच. जर्मनीत तो कायद्याचा आहे. स्वस्तिकाचं नाझी चिन्ह तिथे जाहीरपणे दाखवणं फौजदारी गुन्हा आहे. म्हणून तिथल्या दुकानांतल्या विमानांच्या संचांत शेपटीवरची ती खूण गाळलेली असते. लंडनमध्ये रंगवलेला झेंडा हॅनोव्हरच्या खुल्या मेळाव्यात उभा करण्याआधी दहा वेळा विचार करावा. काल्पनिक जगही यातून सुटलेलं नाही. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हांचे कपडे घालून बसला, तेव्हा नोव्हेंबर २०२१मध्ये 'गेम्स वर्कशॉप'ला जाहीर निवेदन काढून अशांना आपल्या दुकानांत आणि स्पर्धांत जागा नाही, असं सांगावं लागलं.

मराठी माणसाला हा प्रश्न असईच्या रूपाने भेटतो. जालना जिल्ह्यातल्या या गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. उतारवयात, सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर पुढे वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्लीने असईचंच नाव घेतल्याचं सांगतात. त्यामुळे ब्रिटिश क्लबांत ती अधूनमधून मांडली जाते. लढाई म्हणून ती टेबलासाठीच घडल्यासारखी आहे. दोन नद्यांच्या बेचक्यातली चिंचोळी जमीन. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहून, इथे उतार असणारच, हा वेलस्लीचा अंदाज. नदी उतरणाऱ्या इंग्रजांसमोर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तोफांसह शिस्तीत फिरवलेलं तोंड, जे जमणार नाही असं तो धरून चालला होता. त्याच्या उजव्या बगलेचं वाट चुकून गावातल्या तोफांच्या तोंडी जाणं, आणि चौऱ्याहत्तराव्या हायलंडर पलटणीची तिथे झालेली कत्तल. मेल्याचं सोंग करून पडलेले मराठा गोलंदाज इंग्रज फळी पुढे गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून त्यांनी मागून मारा केला. इंग्रजांचे मेलेले-जखमी पंधराशेहून जास्त.

अशा टेबलाशी मराठी खेळाडूने बसावं का? बसावं, आणि शिंद्यांची बाजू मागून घ्यावी. शालेय पुस्तकात असई एका ओळीत संपते. इथे तीन तास गोलंदाजांच्या जागी बसून पाहता येतं की ती लढाई हातची कुठे गेली: वरिष्ठ मैदानात नसलेलं सैन्य, हॅनोव्हरहून आलेल्या पोलमन या अधिकाऱ्याच्या हाती सोपवलेल्या पलटणी, आणि बघत उभं राहिलेलं घोडदळ. वसाहतींच्या लढायांचे काही खेळ अजूनही 'शूर मूठभर गोरे आणि असंख्य नेटिव्ह' या साच्यातले असतात. नियमांतच काळ्यासावळ्यांचं मनोबल कमी लिहिलेलं असतं. तसं दिसलं तर बोलावं. चांगल्या क्लबात ते ऐकलं जातं आणि पुढच्या वेळी आकडे बदललेले असतात. ऐकलं नाही गेलं तर दुसरा क्लब शोधावा, शहरात असतो.

उण्या बाजूही आहेत. हा छंद अजून फार पुरुषी आहे, आणि ब्रिटनमधल्या ऐतिहासिक क्लबांत तर पिकल्या केसांच्या गोऱ्या पुरुषांचा. बाई खेळायला आली तर तिला 'कुणाबरोबर आलात?' असं अजून विचारलं जातं. विज्ञानकथेच्या आणि जादूच्या खेळांकडे तरुण आणि मिश्र गर्दी जास्त. घरचा प्रश्न वेगळाच. परदेशात जोडीदार आधीच एकटा पडलेला असतो. आठवड्याची एक संध्याकाळ आणि रविवारचं स्वयंपाकघराचं टेबल बाहुल्यांना दिलं तर घरात खरी लढाई सुरू होते. ज्यांनी जोडीदाराला किंवा मुलांना ब्रश हाती दिला त्यांचं बरं चाललेलं दिसतं.

तेव्हा नव्या देशात जाणार असाल तर निघण्याआधीच तिथल्या क्लबाला निरोप पाठवा, 'तुम्ही काय खेळता?' एवढंच विचारा आणि पहिले दोन महिने तेच खेळा. सोबत इंचाचा टेप आणि आपले फासे पुरेत. सैन्य उसनं मिळतं, आणि आपलं रंगवलेलं दाखवायला साधा का होईना एक फोटो फोनमध्ये असतो. एप्रिलमध्ये लंडनच्या आसपास असाल तर साउथ लंडन वॉरलॉर्ड्स हा क्लब एक्सेल सेंटरमध्ये भरवतो ते 'सल्यूट' चुकवू नका. कुणीही बसून खेळावं अशी टेबलं तिथे मांडलेली असतात. रिकाम्या हाताने जा, आणि परततानाही हात रिकामेच राहावेत असं वाटत असेल तर पैशाचं पाकीट घरी ठेवा.